एक ‘गेट’ आणि रशियन क्रियापदांची रांग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रशियन भाषकांना ऑनलाइन इंग्रजी शिकवणारे, रशियन-इंग्रजी भाषांतर करणारे, गोव्यात मोरजी-हरमलला रशियन पाहुण्यांशी रोज इंग्रजीत व्यवहार करणारे: या सगळ्या मराठी मंडळींची गाडी हमखास एका लहानशा क्रियापदापाशी अडते. ते म्हणजे ‘गेट’. देवनागरीत हे क्रियापद आणि बंगल्याचं फाटक सारखंच लिहिलं जातं, पण इथे ‘गेट’ म्हणजे नेहमी क्रियापदच. रशियन शब्द उच्चाराप्रमाणे दिले आहेत. आघात, म्हणजे उच्चारातला जोर, नसलेला ‘ओ’ रशियनमध्ये ‘अ’कडे झुकतो, त्यामुळे लिपीत दिसणारा ‘ओ’ इथे बरेचदा ‘अ’ झालेला दिसेल.

‘गेट’साठी रशियनमध्ये नेमका शब्द कोणता?

असा एक शब्द नाही. रशियन विद्यार्थी सुरुवातीला ‘पलुचात्’, म्हणजे मिळणे किंवा स्वीकारणे, एवढाच अर्थ पाठ करतो. ‘आय गॉट अ लेटर’ला तो चपखल बसतो: ‘या पलुचील पिस्मो’. पण ‘आय गॉट टायर्ड’, ‘आय गॉट होम’, ‘आय गॉट इट’ ही वाक्यं आली की हाच पाठ केलेला अर्थ त्याला गोत्यात आणतो. या तिन्हींत काहीही ‘मिळालेलं’ नाही. पहिल्यात माणूस थकला, दुसऱ्यात घरी पोचला, तिसऱ्यात त्याला समजलं. रशियन या तिन्हींसाठी वेगवेगळी क्रियापदं वापरते आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

म्हणून ‘गेट म्हणजे काय?’ हा प्रश्नच वर्गातून काढून टाकावा. त्याऐवजी विचारावं: ‘गेट’च्या लगेच पुढे काय आलं आहे?

पुढचा शब्द पाहून अर्थ कसा ठरतो?

पुढे नाम आलं तर मिळणं, आणणं, विकत घेणं. विशेषण आलं तर अवस्था बदलणं. ठिकाण आलं तर पोचणं. वस्तू आणि तिच्यामागे क्रियापदाचं तिसरं रूप आलं तर दुसऱ्याकडून करवून घेणं. माणूस आणि त्यामागे ‘टू’ आलं तर त्याला राजी करणं किंवा करायला लावणं. नुसतं तिसरं रूप आलं तर आपल्या बाबतीत काहीतरी घडणं, आणि ते बहुधा वाईटच.

‘गेट’च्या लगेच पुढे ‘टू’ आणि क्रियापद आलं, तर त्याला मराठीत तयार जोडीदार आहे. ‘आय गॉट टू सी इट’ म्हणजे ‘मला ते बघायला मिळालं’. रशियनमध्ये ‘म्न्ये उदलोस्’, म्हणजे ‘मला जमलं, साधलं’. इथेही कर्ता मराठीसारखा चतुर्थीत जातो. इंग्रजीत मात्र तो सरळ ‘आय’ होतो, आणि रशियन विद्यार्थी नेमका तिथेच अडखळतो.

‘पलुचीत्’, ‘कुपीत्’ आणि ‘दस्तात्’ यांतला कोणता कधी?

वस्तू आपणहून आली तर ‘पलुचीत्’, म्हणजे ‘पलुचात्’चंच पूर्ण क्रियेचं रूप: पत्र, पगार, पदवी, भेट. पैसे मोजून घेतली तर ‘कुपीत्’. खटपट करून, ओळखी काढून, रांगा लावून मिळवली तर ‘दस्तात्’. सोव्हिएत काळात दुकानांत माल नसायचा. चांगले बूट किंवा परदेशी जीन्स कोणी ‘विकत घेत’ नसे, ‘दस्तात्’ करत असे. त्या पिढीच्या माणसाला ‘आय बॉट इट’ आणि ‘आय मॅनेज्ड टू गेट इट’ यांतला फरक शिकवावा लागत नाही.

याच ‘दस्तात्’चं बोलीतलं दुसरं रूप ध्यानात असू द्यावं. ‘दस्ताल!’ म्हणजे ‘वीट आणलास!’ बाईला उद्देशून असेल तर ‘दस्ताला!’ योगायोग असा की इंग्रजीतही ‘इट गेट्स टू मी’ हे ‘मला त्याचा त्रास होतो’ या अर्थाने चालतंच.

जाऊन आणायची वस्तू असेल, म्हणजे ‘गेट मी सम वॉटर’, तर रशियनमध्ये ‘प्रिनिस्ती’ म्हणजे आणणे. इथे ‘पलुचीत्’ वापरून केलेलं भाषांतर हास्यास्पद होतं.

रशियन विद्यार्थी ‘आय बिकेम टायर्ड’ का म्हणतात? ते चूक आहे का?

व्याकरणाने चूक नाही, पण कानाला खटकतं. कारण दुहेरी आहे. शाळेत ‘स्तात्’ म्हणजे ‘बिकम’ हे समीकरण पक्कं झालेलं असतं. दुसरं असं की अवस्था बदलण्यासाठी रशियन बहुधा दोन शब्द वापरतच नाही, सगळं एका क्रियापदात बसवते. थकणे ‘उस्तात्’, आजारी पडणे ‘ज़बलेत्’, रागावणे ‘रसिर्दीत्सा’, म्हातारं होणे ‘पस्तरेत्’, वाट चुकणे ‘ज़ब्लुदीत्सा’. मराठीचंही बरंचसं तसंच आहे: थकलो, रागावलो, चुकलो. अशा एका शब्दाचे इंग्रजीत दोन करायचे असतात, ‘गेट’ आणि विशेषण, हे सांगितल्याशिवाय सुचत नाही.

सरावासाठी रशियन क्रियापदांची एक पट्टी करावी आणि उजवीकडे फक्त विशेषण लिहावं: टायर्ड, सिक, अँग्री, ओल्ड, लॉस्ट, वेट, ड्रंक. ‘गेट’ लिहूच नये, ते तोंडाने भरायला लावावं. सात-आठ शब्दांची पट्टी एका बैठकीला पुरे.

अंधाराचा मुद्दा वेगळा. ‘तिम्नेयित्’ म्हणजे अंधार पडतोय, ‘स्तिम्नेल’ म्हणजे पडला. दोन्हींत कर्ताच नाही. इंग्रजीत ‘इट’ घालावंच लागतं, ‘इट्स गेटिंग डार्क’, आणि रशियन विद्यार्थी ते हमखास गाळतो. रशियनमध्ये अपूर्ण आणि पूर्ण क्रियेसाठी क्रियापदांच्या जोड्या असतात. त्या जोडीतलं पहिलं आलं तर ‘इज गेटिंग’, दुसरं आलं तर ‘गॉट’. सुरुवातीला एवढा ठोकताळा चालतो.

‘गेट मॅरिड’ला तीन-तीन रशियन शब्द का?

पुरुष ‘झिनीत्सा’ करतो, बाई ‘वीय्ति ज़ामुश’ करते, जोडपं ‘पझिनीत्सा’ करतं. बाईच्या शब्दाची फोड केली तर ‘नवऱ्यामागे बाहेर पडणे’ असं निघतं. तिघांनाही इंग्रजीत एकच ‘गेट मॅरिड’. हे कळल्यावर विद्यार्थी खूश होतो आणि पुढच्याच शब्दाला घसरतो, कारण पुरुषाच्या क्रियापदापुढे रशियनमध्ये ‘ना’ म्हणजे ‘वर’ असं शब्दयोगी येतं, बाईच्यापुढे ‘ज़ा’ म्हणजे ‘मागे’. मग तो ‘मॅरिड ऑन हर’ किंवा अंदाजाने ‘मॅरिड विथ’ म्हणतो. बरोबर आहे ‘मॅरिड टू’. आपणही ‘तिच्याशी लग्न’ म्हणतो, त्यामुळे ‘विथ’ची चूक मराठी शिक्षकाच्या कानातूनही निसटते. तेव्हा आधी स्वतःचा कान तपासावा.

‘गेट कोल्ड’ आणि ‘गेट अ कोल्ड’ यांत गोंधळ होतो. काय करावं?

रशियनमध्ये आणि मराठीत इंग्रजीसारखं उपपद नाही, त्यामुळे मधला छोटा ‘अ’ दोघांनाही फालतू वाटतो. इथे तो सगळा अर्थ बदलतो. ‘आय गॉट कोल्ड’ म्हणजे थंडीने गारठलो, ‘या ज़म्योर्स’. ‘आय गॉट अ कोल्ड’ म्हणजे सर्दी झाली, ‘प्रस्तुदीत्सा’. गोव्यातल्या दवाखान्यात रशियन पाहुणा यातलं एक म्हणून दुसरं सुचवत असेल, तर ‘नाक वाहतंय का?’ असं थेट विचारून मोकळं व्हावं.

‘यूज्ड टू’ आणि ‘गेट यूज्ड टू’ कसं वेगळं करायचं?

रशियन भाषकांच्या चुकांत ही सर्वांत चिवट म्हणावी लागेल. ‘प्रिवीक्नुत्’ म्हणजे सवय होणे. ‘मला लवकर उठायची सवय आहे’ असं म्हणायचं असताना रशियन माणूस ‘आय यूज्ड टू गेट अप अर्ली’ म्हणतो. ऐकणारा समजतो की पूर्वी उठायचा, आता उठत नाही. अर्थ थेट उलटा.

मराठी शिक्षकाकडे इथे फार चांगलं हत्यार आहे. ‘उठायचो’, ‘उठायची सवय आहे’, ‘उठायची सवय लागली’ ही तीन रूपं मराठी बोलणारा कधी मिसळत नाही. पहिलं ‘यूज्ड टू गेट अप’. दुसरं ‘ॲम यूज्ड टू गेटिंग अप’. तिसरं ‘गॉट यूज्ड टू गेटिंग अप’. शिकवताना आपल्या डोक्यात हे तीन खण ठेवून वाक्य तपासलं की चूक कुठल्या खणात पडली ते लगेच दिसतं. रशियन विद्यार्थ्याला मात्र खूण अशी द्यावी: आधी ‘ॲम’ किंवा ‘गॉट’ असेल तर नंतरच्या क्रियापदाला ‘इंग’ लावायचं, आधी काहीच नसेल तर लावायचं नाही.

पत्ता विचारताना ‘हाऊ डू आय गेट टू’ला रशियनमध्ये काय म्हणतात?

सर्वसाधारण ‘काक दब्रात्सा’, पुढे ‘दो’ आणि ठिकाणाची षष्ठी. पायी जायचं असेल तर ‘काक प्रय्ती’, गाडीने जायचं असेल तर ‘काक प्रयेखत्’. पायी आणि वाहनाने हा भेद रशियन जाण्याच्या क्रियापदांत जिथे तिथे करते, इंग्रजी ‘गेट’ तो पुसून टाकतं. त्यामुळे रशियन पाहुण्याने ‘हाऊ टू गेट’ विचारलं तर त्याला पायवाट हवी की टॅक्सी, हे त्याच्या शब्दांवरून कळत नाही. विचारावं लागतं.

घराच्या बाबतीत ‘टू’ लावायचं नाही: ‘गेट होम’. रशियनमध्येही ‘दमोय्’ला शब्दयोगी लागत नाही, एवढी आठवण दिली की हे पटकन बसतं.

बसमध्ये ‘सिट’ का म्हणतात?

कारण रशियनमध्ये वाहनात चढण्याला ‘स्येस्त्’, म्हणजे शब्दशः बसणे, हेच क्रियापद आहे. आपणही ‘रिक्षात बसलो’ म्हणतोच, आणि आपल्या इंग्रजीतही ‘आय सॅट इन द रिक्षा’ ऐकू येतं. इंग्रजीत चढायला ‘गेट’ लागतं. ज्यात उभं राहून चालता येतं त्या वाहनाला ‘ऑन’: बस, रेल्वे, विमान, जहाज. ज्यात वाकून शिरून थेट बसावं लागतं त्याला ‘इन’: कार, टॅक्सी, रिक्षा. सायकल आणि स्कूटरला ‘ऑन’, कारण टांग टाकून वर बसतो. उतरताना ‘ऑन’च्या वाहनांना ‘गेट ऑफ’, ‘इन’च्या वाहनांना ‘गेट आउट ऑफ’.

रशियन भाषकाला ‘ऑन, ऑफ, इन, आउट’ हे तुकडे परके वाटतात, पण त्याच्याकडे याच कामाचे उपसर्ग आहेत. ‘वीय्ति’मधला ‘वी’ म्हणजे ‘आउट’, ‘दय्ती’मधला ‘द’ म्हणजे अमुक ठिकाणापर्यंत. इंग्रजी जे क्रियापदानंतर सुटं ठेवते ते रशियन क्रियापदाच्या सुरुवातीला चिकटवते. हे एकदा फळ्यावर दाखवलं की पाठांतराचं ओझं निम्मं होतं.

‘आय कट माय हेअर’ म्हटलं तर बिघडलं कुठे?

इंग्रजी ऐकणाऱ्याला वाटेल की माणसाने आरशासमोर स्वतःच कात्री चालवली. रशियनमध्ये न्हाव्याकडून केस कापून घेतले तरी ‘या पस्त्रीक्स्या’च म्हणतात, बाई ‘पस्त्रीग्लस्’. गॅरेजमध्ये गाडी दुरुस्त करून घेतली तरी ‘पचिनील मशीनु’. काम कोणी केलं हे संदर्भावर सोडलेलं असतं. इंग्रजीत ‘आय गॉट माय हेअर कट’, ‘आय गॉट माय कार रिपेअर्ड’.

मराठीत ‘कापून घेतले’, ‘करवून घेतलं’ ही सोय आहे, रशियनमध्ये तशी सुटसुटीत सोय नाही. म्हणून इथे भाषांतर करून समजावू नये, प्रश्न विचारावा: ‘कात्री कोणाच्या हातात होती?’ दुसऱ्याच्या हातात असेल तर गेट, वस्तू, तिसरं रूप, याच क्रमाने. क्रम बदलला तर अर्थ ढळतो. ‘आय गॉट रिपेअर्ड माय कार’ हे वाक्यच होत नाही.

माणसाला कामाला लावायचं असेल तर ‘टू’ येतं: ‘आय गॉट हिम टू साइन’. समजावून राजी केलं असेल तर रशियन ‘उगवरीत्’, भाग पाडलं असेल तर ‘ज़स्तावित्’. इंग्रजी ‘मेड हिम साइन’मध्ये ‘टू’ नाही आणि त्यात सक्ती आहे. विद्यार्थी दोन्ही एकत्र करून ‘मेड हिम टू साइन’ म्हणतात.

‘गॉट फायर्ड’, ‘गॉट रॉब्ड’ हे रशियनमध्ये कसं सांगायचं?

कर्ता न सांगता अनेकवचनी क्रियापदाने. ‘मिन्या उवोलिलि’ म्हणजे ‘मला कामावरून काढलं’, ‘मिन्या अबक्रालि’ म्हणजे ‘मला लुटलं, माझी चोरी झाली’. कोणी केलं ते नाही सांगितलं. मराठीतही ‘पाकीट मारलं’ म्हणताना आपण चोराचं नाव घेत नाही. शब्दशः इंग्रजी करायला गेलं तर ‘दे फायर्ड मी’ होतं. तेही चालतं, फक्त ऐकणारा ‘हे दे कोण?’ असा विचार करत बसतो.

‘हॅव गॉट’ आणि ‘गॉटन’चं काय?

‘आय हॅव गॉट अ ब्रदर’मध्ये मिळण्याचा काही संबंध नाही, ते नुसतं ‘आहे’. रशियन ‘उ मिन्या येस्त्’ म्हणते, शब्दशः ‘माझ्यापाशी आहे’, म्हणजे आपल्यासारखंच. ‘हॅव गॉट टू’ म्हणजे रशियन ‘नाद’: ‘म्न्ये नाद इत्ती’, ‘मला जायला हवं’. प्रश्न करताना ‘डू यू हॅव गॉट’ ही भेसळ होते. ‘हॅव यू गॉट’ किंवा ‘डू यू हॅव’, दोन्हींतलं एक धरावं.

‘गॉटन’ अमेरिकन. तिथे ‘हॅव गॉट’ म्हणजे जवळ असणं, ‘हॅव गॉटन’ म्हणजे मिळवलेलं असणं किंवा झालेलं असणं. ब्रिटिश इंग्रजीत दोन्हीकडे ‘गॉट’. विद्यार्थी कोणत्या देशात काम करणार ते पाहून एकच शिकवावं.

‘गॉट इट’चं उत्तर रशियनमध्ये कसं देतात?

पुरुष ‘पोन्यल’, बाई ‘पनिला’. भूतकाळात लिंगभेद आपल्यासारखाच, ‘पोचलो’ आणि ‘पोचले’. आघात मात्र जागा बदलतो. लिंगाची भानगड नको असेल तर ‘यास्न’, म्हणजे ‘स्पष्ट आहे’.

यातलं काय उद्धट ठरतं?

पर्यटन व्यवसायातल्यांनी हे नीट पाहावं. बस थांबवून ‘गेट आउट हिअर’ म्हटलं तर अर्थ कळतो, ऐकणाऱ्याला मात्र हाकलल्यासारखं वाटतं. ‘यू कॅन गेट ऑफ हिअर’ म्हणावं, किंवा सरळ रशियनमध्ये ‘विखदीत्ये ज़्द्येस्’. ‘वुई गॉट लॉस्ट’ म्हणजे वाट चुकलो, पण आज्ञार्थी ‘गेट लॉस्ट’ म्हणजे चालता हो. आश्चर्याने म्हटलेलं ‘गेट आउट ऑफ हिअर!’ म्हणजे ‘काहीतरीच काय!’, रशियन ‘दा लाद्न!’ हे रशियन पाहुण्याला माहीत नसेल तर तो खरंच उठून जाईल.

शिकवायचा क्रम काय असावा?

पहिल्या आठवड्यात फक्त नाम, विशेषण आणि ठिकाण, प्रत्येकी चार वाक्यं. दुसऱ्या आठवड्यात वाहनं आणि ‘गेट अप’. तिसऱ्यात केस कापून घेणं. ‘यूज्ड टू’ला स्वतंत्र आठवडा द्यावा. ‘गेट ओव्हर’, ‘गेट बाय’, ‘गेट अराउंड’ वगैरे याद्या सुरुवातीला टाळाव्यात. एका पानावर तीस जोड्या दिल्या की विद्यार्थी सगळ्याच विसरतो. सराव रशियनमधून इंग्रजीत करून घ्यावा. उलट दिशेने तो अंदाजाने सुटतो आणि स्वतः बोलताना ‘रिसीव्ह’ आणि ‘बिकम’वरच राहतो. सहा-सात वाक्यांचा रशियन उतारा द्यायचा, त्यात ‘गेट’ला थेट जुळणारा शब्द एकही नसावा, आणि इंग्रजीत किमान पाच वेळा ‘गेट’ यायला हवं अशी अट घालायची.

लेखी इंग्रजीत ‘गेट’ चालतं का?

सहकाऱ्याला मेल लिहिताना खुशाल. अर्ज, करार, परीक्षेतला निबंध यांत ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘बिकम’, ‘अराइव्ह’. इथे रशियन विद्यार्थ्याची जुनी सवय उपयोगी पडते.

उच्चारात काय बिघडतं?

रशियनमध्ये ‘ए’च्या आधीचं व्यंजन मऊ होतं आणि ‘त’ आपल्या ‘त’सारखा दंत्य आहे, म्हणून ‘ग्येत’ ऐकू येतं. ‘ग’ कोरडा ठेवायला आणि जीभ दातांवरून थोडी मागे घ्यायला सांगावं. अमेरिकन बोलण्यात ‘गेट अप’ जवळपास ‘गेडप’ होतं. ते बोलता आलं नाही तरी ओळखता आलं पाहिजे.

इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ ‘गेट’चेच का?

नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत ‘सेट’ची नोंद सर्वांत लांब होती. पुढच्या सुधारणेत ‘रन’ या क्रियापदाचे अर्थ ६४५ भरले.

‘आय विल गेट इट’ म्हणजे नेमकं काय?

समोर काय चाललंय त्यावर. फोन वाजत असेल तर उचलतो, दाराची बेल वाजली तर उघडतो, टेबलावर बिल असेल तर मी देतो. रशियनमध्ये तिन्हींना वेगळी क्रियापदं लागतात, आणि बिलासाठीचं जपून म्हणावं. आघात शेवटी, ‘ज़प्लचू’, म्हणजे ‘मी पैसे देईन’. तोच आघात मध्ये आला, ‘ज़प्लाचु’, तर ‘मी रडेन’.